तुमच्या आधी मीच सोडलं होतं

बाई,

तुम्ही गेल्याचं मला भाजीबाजारात कळलं. तुमचा कंपाउंडर गौतम वांगी निवडत होता. मला बघून जरा थांबला आणि म्हणाला, "बाई गेल्या. परवा सकाळी." मी म्हटलं, "बरं झालं." त्यानं मान हलवली आणि परत वांग्यांकडं वळला. त्याला माझी सवय आहे.

हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण बाकीचे लोक आता तुमच्याबद्दल गोड बोलायला लागलेत. इथल्या पेपरात तुमचा फोटो आला, खाली 'सेवाभावी' असं छापलं होतं. परभणीत कुणीही डॉक्टर मेला की तो सेवाभावी होतो. तुम्ही तशा नव्हतात. तुम्ही कोरड्या होतात, कडक होतात, घड्याळाच्या गुलाम होतात. मला जेवढं तुम्ही छळलंत तेवढं माझ्या सासूनंही छळलं नाही. तिनं मनावर घेतलं असतं तरी तिला जमलं नसतं, कारण तिला मध्येच माझी दया यायची.

घरी आले तर ह्यांना बातमी आधीच लागलेली. बाजार समितीतल्या कारकुनाला गावातलं सगळं आधी कळतं. पायजमा घालून पुढच्या खोलीत बसले होते.

"आज ऑफिस न्हाई का?"

"न्हाई. रजा टाकली. अंग दुखायलंय."

अंग कुणाचं दुखत होतं. माझ्यावर पहारा द्यायला बसले होते बिचारे. "तुम्ही मला सोडून गेलात तर मी जगणार नाही," असं मी एकदा तुमच्या खोलीत ओरडून सांगितलं होतं, ते ह्यांनी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं होतं. बाकावरच्या सगळ्यांनीच ऐकलं होतं.

आणि उषा पोखर्णीला आहे, तिच्या आजीकडं. मागच्या सालची ज्वारी निघाली तेव्हा मी हाताला जखम करून घेतली, ते पोरीनं बघितलं, आणि आत्याबाई तिला उचलून घेऊन गेल्या. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात हे तुम्हाला मी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. पोर परत कधी द्यायची हे तुमच्याच खोलीत, तुमच्याच समोर ठरलं. पुढची ज्वारी निघेपर्यंत मी नीट राहिले तर उषा घरी येणार. नाही राहिले तर तिथंच वाढणार, तिथंच शाळा, आणि मी सणासुदीला बघायला जायचं. आता ज्वारी हुरड्यात आली आहे आणि तुम्ही मेलात. एवढी कसली घाई होती तुम्हाला?

तुमच्याकडं येण्याआधी माझ्यावर सगळे इलाज होऊन गेले होते. आत्याबाईंनी बाहेरचं लागलंय म्हणून मला देवाला नेलं, तिथं केस मोकळे सोडून बाकीच्या बायकांत बसवलं. मी घुमले पण. छान घुमले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला महिनाभर बरं वाटलं. मग ह्यांनी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं, तिथं विजेचे झटके दिले. त्यात उषाचं बारसं माझ्या डोक्यातून पुसून गेलं. कुणी पाळणा म्हटला, नाव कुणी ठेवलं, मला आजही आठवत नाही, लोक सांगतात ते मी खरं धरते. मग गोळ्या. गोळ्यांनी मी इतकी शांत झाले की शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, कुसुम किती गुणी झाली. तोंडातून लाळ गळणारी बाई सगळ्यांना गुणी वाटते.

तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं, "आधीचे डॉक्टर कसे होते?" मी म्हटलं, "राक्षस." "आणि मी?" मी म्हटलं, "तुम्ही देव. मला बघताक्षणी कळलं." तुम्ही हसलात. मला वाटलं खूश झाल्या. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं माणसांसाठी दोनच जागा दिसतात, एक देव्हारा आणि एक उकिरडा. आज मी देव्हाऱ्यात आहे. उकिरड्यावर कधी टाकणार?" मी रडले. इतक्या चांगल्या बाईनं असं का बोलावं मला कळेना. महिना संपायच्या आत मी तुम्हाला उकिरड्यावर टाकलं होतं.

आजाराचं नाव तुम्ही सांगितलं ते इंग्रजी होतं, बॉर्डरलाइन. नवीनच नाव आहे म्हणालात, मराठीत अजून कुणी ठेवलेलं नाही. ह्यांना समजेना म्हणून तुम्ही सांगितलं, धड वेड नाही आणि धड शहाणपण नाही, दोन्हीच्या बांधावरचं. आत्याबाई म्हणाल्या, "बांधावरचं म्हणजे लय वंगाळ. आमच्याकडं बांधावरूनच डोकी फुटतेत." मग ह्यांनी विचारलं, इलाज काय. तुम्ही म्हणालात, "पक्का इलाज अजून कुणाला सापडलेला नाही. काही डॉक्टर बालपण उकरत बसतात, काही रोजचं वागणं बदलायला लावतात. मी दोन्ही करून बघणार आहे. वेळ लागेल आणि मधेमधे ह्या मला शिव्या देतील." एवढी फी घेऊन 'मला माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर ह्यांनी पहिल्यांदाच बघितला. घरी येताना म्हणाले, "बाई खरी वाटायली." मला मात्र फसवल्यासारखं झालं. मला बरं करायची खात्री हवी होती, ती तर रस्त्यावरचा जडीबुटीवालाही देतो.

तुमचा पहिला नियम मला आजही पटलेला नाही. "करण्याआधी या," तुम्ही म्हणालात. "कधीही या, दार वाजवा, मी हातातलं काम सोडून येईन. केल्यावर मात्र माझ्याकडं यायचं नाही. केल्यावर गौतम पट्टी बांधेल, जखम मोठी असली तर सरकारी दवाखान्यात नेईल. पण त्या आठवड्यात मी भेटणार नाही."

मी अर्थातच करून आले. गौतमनं पट्टी बांधली, एक शब्द बोलला नाही, तुमचा हुकूमच तसा होता. तुमच्या खोलीचं दार बंद. मी बाहेर उभी राहून चुडाव्याला माहेरी शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. स्टेशनाजवळ वाढलेल्या पोरीला शिव्या कमी पडत नाहीत. तुम्ही आत दुसऱ्या बाईशी बोलत होतात, तुमचा आवाज एकदाही थांबला नाही. पुढच्या गुरुवारी, माझ्या ठरलेल्या दिवशी, मी समोर बसले तर तुम्ही विचारलं, "मागचा आठवडा कसा गेला?"

"मी मेले असते तर?"

"तर मला जन्मभर वाईट वाटलं असतं," तुम्ही म्हणालात, "आणि नियम तोच राहिला असता, पुढच्या बाईसाठी."

असं कुणी बोलतं का? तुमचं म्हणणं असं की मी जखम दाखवली की घर धावत येतं, म्हणून मी जखम करते, त्यापेक्षा तोंडानं मागायला शिकावं. माझं म्हणणं असं की आमच्या घरात तोंडानं मागितलेलं कधी कुणी ऐकलंच नाही. मग तुम्ही म्हणालात, चला, त्यांनाही शिकवू. आणि खरंच आत्याबाईंना बोलावणं पाठवलंत. त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. "मला कामून बोलीवलं? आमी काय पागल हाव का?" तुम्ही म्हणालात, "तसं नाही. हिनं भाजी चांगली केली तर तसं तिला तोंडानं सांगत जा." आत्याबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "चांगली झाली तर खातोच की आमी. न्हाई झाली तर सांगतो." त्या दिवशी तुम्ही हसू दाबायला पाणी प्यायलात. मी ते बघितलं.

नियम लागू पडला हे खरं. पुढंपुढं मी आधी यायला लागले. चपला न घालता यायची, पदराचं भान नसायचं, आणि तुम्ही खरोखर हातातलं काम सोडून यायच्या. मला बसवून विचारायच्या, "राग आहे, का लाज आहे, का हेवा आहे, का भीती आहे?" मला तोवर एवढंच ठाऊक होतं की जीवाची तिडीक होते. तुम्ही त्या तिडिकेचे भाग करायला लावायच्या, निवडायला बसवायच्या मला. मी म्हणायची, बाई, मी इथं मरायला टेकले आणि तुम्ही परीक्षा काय घेता. पण निवडता निवडता ती वेळ टळायची. तरीपण, लागू पडला म्हणून तो नियम बरोबर होता असं मी म्हणणार नाही. बंद दाराबाहेर मी उभी होते, तुम्ही नव्हतात. या भांडणात तुमचा शेवटचा शब्द राहिलेला आहे आणि तो आता तुम्हाला बोलता येणार नाही. मी जिंकले असं समजा.

एका गुरुवारचं सांगते, विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता त्या दिवशी. बाजार बंद, एसटी बंद, रस्त्यावर टायर जळालेले. ह्यांनी मला जाऊ नको म्हटलं. मी ऐकलं नाही, कारण गुरुवार होता. दवाखान्याला कुलूप. निरोप नाही, चिठ्ठी नाही. निरोप आणणारा गौतम मोर्च्यात सगळ्यात पुढं होता हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की तुम्ही मला टाळलं. सगळं गाव बंद आहे, कलेक्टर कचेरी बंद आहे, आणि मला वाटतंय की हे कुलूप फक्त माझ्यासाठी लावलंय. मी दगड उचलला आणि तुमच्या खिडकीची काच फोडली. आणि बरं वाटलं, घरी येऊन जेवले पण.

दुसऱ्या दिवशी जमादार पंचनामा करायला आला. त्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं. काच कुणी फोडली हे विचारायचीही त्याला गरज वाटत नव्हती, मोर्चा त्याच रस्त्यानं गेला होता. तुम्ही त्याला सांगितलं, "मोर्च्यातल्या कुणी फोडली नाही. माझ्या एका पेशंटनं फोडली. नाव सांगणार नाही." तो म्हणाला, "बाई, तुमी कामून त्यांला वाचवायलात?" तुम्ही सही केली नाही. नंतर काही महिने शेजारचे दुकानदार तुमच्याशी नीट बोलत नव्हते. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. मला गौतमनं सांगितलं, पुढच्या गुरुवारी, बाकावर.

"आमच्या गल्लीत पोलीस अगुदरच शिरले होते," तो म्हणाला. "बाईनं सही केली असती तर तुमचा दगड आमच्या नावावर चढला असता. माझा भाऊ आत गेला असता."

मी म्हटलं, "मला काय ठाव."

"तेच म्हणायलोय. तुमाला तुमचं सोडून काहीच ठाव नसतंय."

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. तुम्ही आतून आलात आणि म्हणालात, काच तुम्ही बसवायची. मी म्हटलं, माणूस लावून बसवते. तुम्ही म्हणालात, "माणूस नाही. तुम्ही." गुजरीतून काच आणली, ती चिकटवायची लांबी आणली, दोनदा वाकडी बसवली. गौतम स्टुलावर बसून बघत होता, मदतीला उठला नाही. काच बसली तर तुम्ही म्हणालात, "आता बाकीच्या खिडक्या पुसा. मोडलेलं होतं तसं करून दिलं की भागत नाही. त्याहून थोडं बरं करून द्यायचं." सबंध दुपार मी खिडक्या पुसल्या. त्या दिवशी बोलणं काहीच झालं नाही आणि फी मात्र घेतलीत. नामांतर अजून झालेलं नाही, ती काच अजून शाबूत आहे. काल त्या रस्त्यानं गेले तेव्हा तिच्यावर धूळ होती.

आता तुमचा अपमान केला ते सांगते, म्हणजे तुम्हालाही बरं वाटेल.

गावात कुजबुज होती की डॉक्टरीणबाईला नवऱ्यानं टाकलंय. माझ्या कानावर आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. जपून ठेवलं ते मी, जसं कुणी गाठीला बांधून ठेवतं. मग एका गुरुवारी तुम्ही सांगितलं की पंधरा दिवस तुम्ही रजेवर जाणार. मी 'बरं' म्हटलं. त्यानंतरच्या गुरुवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी करंडा आणि तिळगुळाचा डबा घेऊन तुमच्या दवाखान्यात आले. बाकावरच्या सगळ्या बायकांना कुंकू लावलं, झाडणाऱ्या मावशींना लावलं, एका पोरीला लावलं जी स्वतःचं नावही सांगत नव्हती. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. हसत होतात. टाकलेल्या बाईला कुंकू लावावं की लावू नये याचा आमच्याकडं नीट निकाल लागलेला नाही, ज्याच्या त्याच्या मनावर असतं. मी तुमच्यासमोर आले, थांबले, सगळ्यांना दिसेल इतकी थांबले, आणि पुढं गेले. तुमचा हात तिळगुळासाठी थोडा वर आला होता. तो खाली गेला.

खोलीत बसल्यावर मला वाटलं आता तुम्ही विचाराल, राग आहे का लाज आहे. तुम्ही म्हणालात, "मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं."

मी करंडा पदराखाली घेतला.

"तुम्हाला काय वाटलं?"

"मजा आली."

"किती वेळ?"

मी म्हटलं, "ह्या खुर्चीत बसेपर्यंत."

तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. मग म्हणालात, "मी रजेवर जाते म्हणाले, म्हणून तुम्ही मला टाकलंत. आणि नेमकं कसं टाकायचं हे तुम्हाला बरोबर सुचलं. हुशार आहात हो. ही हुशारी कुठंतरी वापरता आली तर बरं होईल." मी विचारलं, "तुम्हाला नवऱ्यानं का टाकलं?" तुम्ही म्हणालात, "तो विषय तुमच्या वेळेतला नाही." परत कधी तो विषय निघाला नाही. मला अजूनही जाणून घ्यायचं आहे, बाई. तुम्ही त्याच्या दाराबाहेर उभ्या राहून ओरडलात का? का गुपचूप पेटी उचलून निघालात? मला वाटतं गुपचूप निघालात. मला तुमची कीव येते आणि ती तुम्हाला आवडली नसती, म्हणून मुद्दाम सांगते.

पोळ्याच्या सुमाराला तुम्ही सांगितलं की पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवून टाकलंय. मी म्हटलं, "खोटं बोलू नका. मला काढून टाकायचं असलं तर सरळ सांगा." तुम्ही म्हणालात, खोटं असतं तर मलाही आवडलं असतं. मग म्हणालात, आपल्याकडं थोडे महिने आहेत, ते आपण निरोप घेण्यात घालवू. आणि घालवलेत. माणसं मरतात आणि मागचे रडतात, एवढं सोपं असतं ते. तुम्ही त्याचीही तालीम घेतलीत. दर गुरुवारी तुमचं मरण. "मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय कराल? सकाळी उठल्यापासून सांगा."

"तुमच्या नावानं शिव्या देईन."

"द्या. मग?"

"मग चहा करीन."

"कुणाला?"

"ह्यांला."

"तुम्ही पिणार का?"

"पिईन."

"मग?"

असं करत करत तुम्ही मला संध्याकाळपर्यंत आणायच्या. तुमचे डोळे खोल जात होते, बारीक झालेल्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतंच, आता साखळीही ढिली झाली होती, आणि तुम्ही मला विचारत होतात, दिवे लावल्यावर तुम्ही काय कराल. मला तुमच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटायचं. स्वतःच्या मरणाचं तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, सगळी काळजी माझ्या चहाची. ह्याला माया म्हणायचं का? तुम्ही कधी तो शब्द वापरला नाही. मी वापरला की तुम्ही घड्याळाकडं बघायच्या.

शेवटचा गुरुवार तुम्ही आधीच नेमून दिला होता. "त्यानंतर मला बसवणार नाही," म्हणालात. मी त्या दिवशी आले नाही. आजारी नव्हते, बंद नव्हता, ह्यांनी अडवलं नव्हतं. मी घरी बसून ओले हरभरे सोलले. चार वाजले तेव्हा सोलत होते, पाच वाजले तेव्हाही सोलत होते. तुम्ही सोडायच्या आधी मी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला सोडायच्या आधी मी शांत बसून, आवाज न करता त्याला सोडलं. तुमच्या शिकवणीचा एवढा उपयोग केला मी.

बाजारात त्या दिवशी गौतमला मी एवढंच विचारलं, त्या गुरुवारी बाईंनी काय केलं. तो म्हणाला, "बसल्या. दार उघडंच ठिवा म्हणल्या. बसवंना त्यांला, उशा लावल्या मी. घंटाभर बसल्या. मग म्हणल्या, आली न्हाई. लाव दार."

"अन्?"

"अन् काय न्हाई. हसल्या जराशा."

त्या हसण्याचं मी काय करू, बाई? तुम्ही रागावला असतात तर मला ते पुरलं असतं. तुम्हाला वाईट वाटलं का, ते तरी सांगायचं होतं, हळदीकुंकवाच्या दिवशी सांगितलं होतं तसं. मला वाईट वाटतं. लय वाईट वाटतं. भाग निवडायला बसले तर सगळं एकच निघतं, दुसरं काहीच निघत नाही.

तुमच्या घरी आले होते मी. दारात तुमचे भाऊ होते, पुण्याकडचे, तुमच्यासारखंच नाक. "आपण कोण?" त्यांनी विचारलं. तुम्ही मला कधी आई म्हणू दिलं नाही, ताई म्हणू दिलं नाही, मैत्रीण तर नाहीच. मी म्हटलं, "मी त्यांच्याकडं यायची." ते म्हणाले, "हो, खूप लोक यायचे," आणि आत बायकांत बसा म्हणाले. आत एक बाई सांगत होती की तुम्ही किती मायाळू, कुणाला कधी दारातून परत पाठवलं नाही. मला हसू आलं. मला उठून सांगावंसं वाटलं की मला पाठवलंय, हे बघा, आणि हात वर करून दाखवावा. आधी मी ते केलंच असतं, आणि ती सगळी खोली तुम्हाला विसरून माझ्याकडं धावली असती. मी बसून राहिले. लोक उठले तेव्हा उठले आणि घरी येऊन ह्यांना चहा केला. ह्यांचं अंग अजून दुखतच होतं.

काल दुपारी आत्याबाई आल्या. न कळवता, पोखर्णीच्या बसनं, उषाला घेऊन. बघायला आल्या होत्या मी कशी आहे ते, पोरीला पुढं करून. उषा दुसरीत गेली आहे, दोन दात पडलेत. ती दारातच आज्जीचा पदर धरून उभी राहिली. मी हात पुढं केला तर मागं सरली. "आज्जी," ती म्हणाली, "ही आता रडणार का?"

माझ्या पोटच्या पोरीनं मला 'ही' म्हटलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आत्याबाईंनी बघितलं. सगळ्यांना वाटलं आता होणार. मलाही वाटलं. मी म्हटलं, "रडीन जराशी. मग भाकरी करायच्या हायत." आणि चुलीपाशी जाऊन बसले, पाठ करून. रडले पण. कुणी धावून आलं नाही आणि मी तशी अपेक्षाही धरली नाही. दुसरी भाकरी तव्यावर असताना उषा येऊन थोडी लांब बसली आणि म्हणाली, "आज्जी मोठी करती." मी म्हटलं, "मोठी करू का?" ती म्हणाली, "हं."

जेवणं झाली. आत्याबाईंनी ताट पुसून खाल्लं आणि म्हणाल्या, "भाजी चांगली झाली." ह्यांना ठसका लागला. मग त्या परतीच्या बसला निघाल्या तर उषाची पिशवी तिथंच कोपऱ्यात.

मी म्हटलं, "पिशवी राहिली."

"राहू दे. फ्राकं हायत तिची."

"आत्याबाई, ज्वारी निघायची हाय अजून."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "शेत माझंच हाय." आणि चप्पल पायात घालून गेल्या.

हे तुम्हाला बघायला मिळालं नाही. इतकी वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यात, काच फोडून घेतलीत, चारचौघांत अपमान करून घेतलात, आणि जे बघायचं होतं ते बघायच्या थोडं आधी मेलात. तुमचं नशीबच फुटकं, बाई. आणि मी तुम्हाला सांगायला कुठं येऊ? गुरुवार कुणाला सांगू? तुमचा मला इतका राग येतोय की भिंतीवर भांडी फेकावीत. पण पलीकडं उषा झोपली आहे, म्हणून हळू येतोय.